अनसाबाईंचं हाना-दूल

अनसाबाई पहिल्यांदा माझ्या क्लासला आल्या तेव्हा मी त्यांना दारातल्या चपला ओळीत लावायला सांगितल्या. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळाला भंडारा, हातात काठी. मला वाटलं, मंगल कार्यालयाच्या मालकांनी झाडलोटीला नवी बाई ठेवली असेल. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तीस-पस्तीस जोड ओळीत लावले, काठीच्या टोकानं ओळ सरळ केली आणि मग म्हणाल्या, "मॅडम, ही माझी नात, हर्षदा. हिला क्लासला घालायचीय."

मी ओशाळले. आणि ओशाळले की मला राग येतो. "मग आधी सांगायचं ना मावशी!" असं मी त्यांच्यावरच खेकसले.

ही २०२४ च्या जुलैमधली गोष्ट. मी मोनाली, माहेर मांडवगण फराटा. तायक्वांदो शिकवते. पाच दिवस शिरूरला आणि शनिवार-रविवार दौंडला. शिरूरचा क्लास एका मंगल कार्यालयात भरतो, त्यामुळे दाट लग्नतिथी असली की आम्हाला सुट्टी. राज्य पातळीवरची तीन पदकं घरात आहेत. राग माझ्या नाकावर असतो हे शिरूरमधल्या सगळ्या पालकांना माहीत आहे, आणि पदकांकडं बघून ते सोसतात.

पण त्या जुलैत मी मॅटवर उभी राहून शिकवत नव्हते. मॅटच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिकवत होते. दीड वर्षापूर्वी दौंडला एका प्रात्यक्षिकात मी उडी मारून, गिरकी घेऊन लाकडी फळी फोडली. फळी फुटली. खाली आले तेव्हा उजवा गुडघाही फुटल्यासारखा वाजला. लिगामेंट तुटलं होतं. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पळाल, हळूहळू किकसुद्धा माराल. ते खरं निघालं. फक्त एक गोष्ट परत येईना. मला पडता येईना.

ज्याला पडता येत नाही त्याला मॅटवर काहीच करता येत नाही. किक मारताना कधीतरी तोल जाणारच, समोरचा कधीतरी ढकलणारच. माझा पाय जरा सरकला की मी भिंत धरायचे. नुसत्या विचारानं घाम फुटायचा. गुडघा टेकायचीही भीती, म्हणून घरी देवापुढंसुद्धा खुर्चीत बसून हात जोडायचे. मॅटवरून खुर्चीत आल्यावर माझा आवाज तेवढा वाढला. साठ मुली होत्या, त्यांच्या पस्तीस झाल्या. मी मनाशी ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत ओढायचं आणि क्लास बंद करायचा. हे फक्त माझ्या नवऱ्याला, विश्वजीतला सांगितलं होतं. तो रांजणगावला कंपनीत आहे, कमी बोलतो. "बघ बाई," म्हणाला आणि उठून चहा टाकला.

हर्षदा नऊ वर्षांची, तिची आई साधना इथल्या एका दवाखान्यात नर्स. त्यामुळं नातीला आणायचं-न्यायचं काम आजीकडं. बाकीच्या बायका पोरींना सोडून बाजार करून यायच्या. अनसाबाई भिंतीला टेकून बसून राहायच्या, काठी आडवी मांडीवर. पहिल्याच दिवशी मी खुर्चीतून मोजायला सुरुवात केली, "हाना! दूल! सेत! नेत!" कोरियन भाषेत एक, दोन, तीन, चार. पहिल्या "हाना!"ला अनसाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई मॅडम. वळखीचं वाटलं."

मी दुर्लक्ष केलं. हसणाऱ्या पालकांना मी सहसा बाहेर बसवते, पण चपलांचं प्रकरण डोक्यात होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका बुधवारी मी मुलींना मनगट सोडवायला शिकवत होते. समोरच्यानं मनगट धरलं की झटका देऊन सरळ ओढून घ्यायचं आणि दोन पावलं मागं जाऊन किक मारायची. खुर्चीतूनच दाखवत होते. भिंतीकडून आवाज आला, "ओढून न्हाई सुटत त्ये. वळवाया लागतं."

सगळ्या पोरी थांबल्या.

"मावशी, तुम्ही शिकवता का मग?"

"न्हाई वो. आपलं बोलले."

"नाही नाही, या. दाखवाच."

मी तावातावानं उठून मॅटवर गेले. तेवढ्यानंच पोरींचे डोळे विस्फारले, कारण त्यांनी मला तिथं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. अनसाबाईंनी काठी भिंतीला उभी केली. मॅटच्या कडेला थांबल्या, दोन्ही हात मांड्यांना लावून कमरेतून वाकल्या, मग आत पाऊल टाकलं. हे वाकणं मी बघितलं, पण रागात त्याचा अर्थ लागला नाही.

"धरा माझं मनगट," त्या म्हणाल्या.

मी धरलं, चांगलं करकचून. त्यांनी ओढलं नाही. उलट एक पाऊल माझ्या जवळ आल्या आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसं कोपर फिरवलं. माझं मनगट वळलं, मनगटामागं कोपर, कोपरामागं खांदा, आणि खांद्यामागं मी सगळीच. दुसऱ्या क्षणी मी मॅटवर उताणी होते. डोकं आपटलं नाही. डोक्याखाली अनसाबाईंचा तळवा होता.

कुणीतरी एकीनं टाळी वाजवली. मग माझा स्फोट झाला. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. शेवटचं तेवढं सांगते: "नातीला घ्या आणि निघा. उद्यापासून यायचं नाही." अनसाबाई पुन्हा कमरेतून वाकल्या, काठी घेतली आणि हर्षदाचा हात धरून निघाल्या. हर्षदाच्या एकाच पायात बूट होता, दुसरा तिनं हातात घेतला होता.

घरी येऊन मी विश्वजीतला ओरडून ओरडून सांगितलं. "पस्तीस पोरींसमोर त्या बाईनं मला पाडलं!"

"पडलीस?" त्यानं विचारलं.

"हो म्हणतेय ना!"

"आणि गुडघा?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा ठणकला नव्हता. ज्या गोष्टीला मी दीड वर्ष भीत होते ती संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांसमोर घडली होती, आणि मी स्कूटर चालवत घरी येऊन भांडत बसले होते.

रविवारी दौंडचा क्लास बुडवून मी साधनाच्या दारात गेले. ती म्हणाली, "आई कवठ्याला गेलीय. रागावून नाही हो मॅडम, मामाच्या मेंढरांची कातरणी आहे." मग विश्वजीतच्या गाडीवर बसून आम्ही कवठे येमाईला गेलो. अनसाबाईंचे भाऊ बिरदेव शेतावरच्या वस्तीवर राहतात. वडील म्हस्कू होते तोवर दीडशे-दोनशे मेंढरं घेऊन अख्खं घर उन्हाळ्यात फिरायचं. आता विहीर आहे, कांदा आहे, आणि आठवण म्हणून वीस-बावीस मेंढरं.

अंगणात घोंगडी अंथरली होती. बिरदेवमामा कातर चालवत होते आणि अनसाबाई एकेक मेंढरू धरून आणत होत्या. एक दांडगा एडका पाय रोवून उभा राहिला. मला वाटलं, आता ओढाओढी होणार. अनसाबाईंनी त्याच्याजवळ एक पाऊल टाकलं, हनुवटीखाली हात घालून त्याची मान त्याच्याच खांद्याकडं वळवली, आणि तो एडका आपसूक मागच्या मागं बसला. त्याचं डोकं घोंगडीवर टेकायच्या आधी त्यांचा तळवा खाली गेला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. बुधवारी माझंही अगदी हेच केलं होतं.

"या मॅडम. पानी घ्या," त्या म्हणाल्या. मनात काही धरलेलं नव्हतं, म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, माझं चुकलं." हे शेवटचे दोन शब्द माझ्या तोंडून लग्नानंतर दुसऱ्यांदा निघाले असतील. विश्वजीतनं माझ्याकडं दोनदा बघितलं.

"तुमी रागावला न्हवता, भ्याला व्हता," त्या म्हणाल्या. "मेंढरू भ्यालं की ढुशी देतंच. त्येच्यावर कोन रागावतं?"

मेंढराशी तुलना झाल्यावर एरवी मी तिथून तडक निघाले असते. त्या दिवशी घोंगडीच्या कडेला बसले आणि विचारलं, "हे शिकलात कुठं?"

"हरबाजीकडं."

हरबाजी म्हणजे असतील कुणी त्यांच्या भावकीतले, असं मला वाटलं. पण हरबाजी निघाले कोरियाचे.

नवरा लवकर गेला, साधनाचं शिक्षण चाललेलं. २०१३ पासून अनसाबाई कारेगावजवळ एका कोरियन साहेबांच्या बंगल्यावर कामाला होत्या. झाडणं, भांडी, भाज्या चिरणं. तिथं साहेबांचे वडील राहायला आले. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, बायको नुकतीच वारलेली. बंगल्यातली नातवंडं त्यांना जी हाक मारायची ती अनसाबाईंना ऐकू आली "हरबाजी". कवठ्यात त्यांच्या चुलत आज्याचं नावही हरबाजीच, त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रोज सकाळी हरबाजी अंगणात एकटेच काठी फिरवायचे, हवेतल्या हवेत कुणाचे तरी हात वळवायचे. अनसाबाई झाडता झाडता बघायच्या. एके दिवशी त्यांनी यांना खुणेनं बोलावलं, आपलं मनगट पुढं केलं आणि म्हणाले, "हाना."

"आता तुमीच सांगा मॅडम," अनसाबाई म्हणाल्या. "येवढा म्हातारा मानूस, तोंडानं 'हाना' म्हनतो. मी म्हनलं, नको आजा, तुमी वडीलधारे. तर पुन्हा म्हनला, हाना! तिसऱ्या खेपंला म्हनला तवा मंग मी ठिवून दिली."

"कुठं?" विश्वजीतनं विचारलं.

"कुठं म्हंजी? कानाखाली."

विश्वजीतच्या नाकात चहा गेला. आमच्या भागात "हाणा"मधला ण कुणाच्या तोंडी धड येत नाही, सगळे "हाना"च म्हणतात. ते बिचारे एक, दोन मोजायला लागले होते, आणि ही बाई मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा म्हणून तीन वेळा विचारात पडली होती.

"आन् मंग?"

"चष्मा पडला त्येंचा. हिरवळीवर बसले. मी म्हनलं, गेली नोकरी. तर त्ये हसाया लागले. असे हसले, असे हसले, घरातनं सूनबाई पळत आली. बायको गेल्यापास्नं त्ये पयल्यांदा हसले म्हनं. तिला थोडं हिंदी यायचं, तिनं सांगितलं, हाना म्हंजी येक."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अर्धा तास, सहा वर्षं. कारण ती विद्या एकट्यानं करता येत नाही. कुणीतरी मनगट धरायला लागतं, गळपट्टी धरायला लागते, आणि मग पडायला लागतं. अनसाबाई धरायच्या आणि पडायच्या. पहिले तीन महिने तर हरबाजींनी फक्त पडायलाच शिकवलं. "त्येला नाकबप म्हनत्यात," अनसाबाईंनी मला समजावलं. "पालथं पडताना तोंड बाजूला करायचं. नाक वाचतं, म्हनून नाकबप."

मला कोरियन तुटकं कळतं. पडायच्या तंत्राचा तो शब्द आहे आणि त्याचा नाकाशी काही संबंध नाही. पण मी गप्प बसले. दुसऱ्याची चूक दुरुस्त न करता बसून राहण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी. आकडे लक्षात ठेवायचीही त्यांची रीत होती: हाना, धूळ, शेत, नेट. आधी हाणा, मग धूळ, मग शेत, मग नेटानं धरा.

एकदा हरबाजी हट्टानं कवठ्याला आले होते, याच अंगणात, कातरणी बघायला. एडका बसताना बघून लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या, आणि काठीनं मातीत एक गोल काढून अनसाबाईंना दाखवला. ओढायचं नाही, गोल फिरवायचं. "त्ये मला आधीच ठावं व्हतं," अनसाबाई म्हणाल्या, "पर आपल्याला ठावं हाय ह्ये मातुर त्येंनी दावलं."

२०१९ मध्ये साहेबांची बदली झाली. जाताना हरबाजींनी आपली काठी आणि कमरेचा पट्टा अनसाबाईंना दिला. काठी तर मी रोज बघत होते. पट्टा त्यांनी घरातून आणून दाखवला. देव्हाऱ्यात बिरोबापुढं ठेवलेला, दर रविवारी भंडारा वाहिलेला. काळा पट्टा जागोजागी पिवळा झाला होता. त्यावर कोरियन अक्षरं विणलेली होती. ती मी बोटानं एकेक करत वाचली.

"मावशी, याला हापकिदो म्हणतात."

"कशाला?"

"तुम्ही जे शिकलात त्याला."

"हापकिदो," त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं. "सा वर्सं केलं आन् नाव आज कळलं बघा."

"आणि हरबाजी हे नाव नाही. हाराबोजी. म्हणजे आजोबा."

त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला. मग पदरानं डोळे पुसले. "मंग बरोबरच म्हनत व्हते की मी," म्हणाल्या.

मी तिथंच विचारलं, "मला पडायला शिकवाल?"

त्या आठवड्यापासून रोज सकाळी सहाला आम्ही दोघी रिकाम्या कार्यालयात. आधी बसून मागं पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. हनुवटी छातीला, दोन्ही हात मॅटवर आपटायचे. माझं अंग हे सगळं लहानपणापासून जाणत होतं, पण मन मध्ये आडवं यायचं. मी मान वळवून आधी बघायचे, अनसाबाईंचा तळवा आहे ना डोक्याखाली, आणि मगच अंग सोडायचे. पंधरा दिवसांनी त्या करवादल्या, "बगायचं न्हाई! मान वळली तर मोडंल. मी सांगते ना, हात हाय." तेव्हापासून दर वेळी पडायच्या आधी त्या पुटपुटायच्या, "हात हाय." ते ऐकलं की मी पडायचे. दिवसाला साठ-सत्तर वेळा. माझी सख्खी आईही माझ्यामागं एवढी वाकली नसेल.

पडणं जमायला लागल्यावर आम्ही दोन्ही विद्या शेजारीशेजारी ठेवून बघायला लागलो. पकड एकच, उत्तरं दोन. तायक्वांदोत समोरच्याला जवळ येऊच द्यायचं नाही, पाय हा आपला लांब हात. हापकिदोत तो जवळ आला, त्यानं धरलं, की खरं काम सुरू. आमची किक छातीवर, डोक्यावर. त्यांची नडगीवर, गुडघ्यावर. मी किक मारून पाय झटकन जागेवर आणते. त्या पाय टाकतात तो थेट पुढचं पाऊल म्हणूनच. मला वाटायचं, हे मनगट मुरगळणं म्हणजे म्हाताऱ्यांचे चाळे. एकदा त्यांनी मला सलग अकरा वेळा बसवलं. मग मी दोन पावलं लांब राहून नुसत्या किक दाखवत राहिले, आणि त्यांना अर्धा तास जवळ येता आलं नाही. दम लागून त्या भिंतीला टेकल्या. "हितं तुमची इद्या भारी," म्हणाल्या. मला पदक मिळाल्याएवढा आनंद झाला.

दिवाळी आली आणि गेली. क्लास बंद करायचं मी विसरले, आणि विश्वजीतनं आठवण केली नाही. तोवर क्लासच्या शेवटी दहा मिनिटं अनसाबाईंची झाली होती. पोरी हाना, धूळ, शेत, नेट असं मोजत पडायच्या. सर्जेराव नावाचे एक पालक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तायक्वांदो शिकवताय का मेंढरं वळवायला?" माझा राग त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणसावर निघाला. मी त्यांना मॅटवर बोलावलं आणि म्हणाले, "यांचं मनगट धरून बघा." त्यांनी अनसाबाईंकडं बघितलं, त्यांच्या काठीकडं बघितलं आणि फोन आल्याचं निमित्त काढून बाहेर गेले.

मार्चमध्ये दौंडला बेल्टची परीक्षा लागली. पत्ता मी दोनदा वाचला. तेच कार्यालय, जिथं माझा गुडघा गेला होता. न्हावऱ्यावरून जाताना रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, आणि प्रत्येक ट्रॉलीमागं अडकलो की मला बरं वाटत होतं. भाड्यानं केलेल्या गाडीत, मागच्या सीटवर हर्षदा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

परीक्षा छान झाली. हर्षदाला पिवळा पट्टा मिळाला. आमच्याकडं शेवटी शिकवणाऱ्यानं काहीतरी करून दाखवायची रीत आहे. परीक्षक माझ्या ओळखीचे. ते भल्या मनानं हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं राहू द्या. पायाचं माहितीय मला."

मी म्हणाले, "नाही सर, आहे आमचं." आणि अनसाबाईंना हाक मारली.

तायक्वांदोचा पांढरा पोशाख, डोबोक, घालायला त्यांनी साफ नकार दिला होता. हिरव्या लुगड्यावर हरबाजींचा पट्टा बांधून त्या आल्या. परीक्षकांनी तो काळा-पिवळा पट्टा निरखून बघितला. "ही कुठली ग्रेड?"

"ही आपल्या यादीत नाही सर," मी म्हणाले.

आम्ही दोघी समोरासमोर वाकलो. मी किक मारत पुढं जायचं, त्यांनी बाजूला सरायचं, मी मनगट धरायचं आणि त्यांनी मला पाडायचं, असं ठरलं होतं. सोपं होतं, रोजचं होतं. पण माझं लक्ष मॅटवरच्या त्या जागेकडं गेलं आणि पाय जागच्या जागी बधिर झाले. दोनेकशे लोक बघत होते. मी अनसाबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्यांचे ओठ हलले. "हात हाय."

मी किक मारली. पाय खाली आला, मनगट धरलं, जात्याचा खुंटा फिरला, आणि मी पाठीवर गेले. माझे दोन्ही हात मॅटवर असे वाजले की मागच्या ओळीतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. टाळ्या पडल्या. मी उताणी पडल्या पडल्या वर बघितलं. अनसाबाईंच्या उजव्या हातात माझं मनगट होतं. डाव्या हातानं त्या खांद्यावरचा पदर सावरत होत्या.

डोक्याखाली काहीच नव्हतं.

मी उठले. मला दुसरं काय येणार, रागच आला. टाळ्यांच्या आवाजात मी दातओठ खात विचारलं, "हात कुठं होता?"

"ह्यो काय."

"डोक्याखाली का नव्हता? आज, इथं, का काढलात?"

"आज न्हाई काढला," त्या म्हणाल्या. "संक्रांतीपास्नं न्हाई घातला. डोकं टेकतच न्हाई तुमचं. कशाला वाकायचं मी?"

"पण रोज म्हणत होता ना, हात हाय!"

"हायच की. कुठं हाय त्ये तुमी कवा इचारलं?" त्या हसल्या. समोरचे दोन दात नाहीत त्यांना. "हरबाजीनं मला बी असंच फसवलं व्हतं."

डोबोक अंगावर असताना कुणाच्या पाया पडायचं नाही, फक्त कमरेतून वाकायचं, हा माझाच नियम. तो मोडला म्हणून मी पोरींना उन्हात उभं केलेलं आहे. त्याच पोरींसमोर मी खाली बसले, दोन्ही गुडघे मॅटवर टेकले आणि अनसाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

प्रेक्षकांतून विश्वजीत ओरडला, "अगं, गुडघा!"

तेव्हा कुठं मला तो आठवला.